ऋण, सण आणि समाधान : गाडगे महाराजांचा खर्चविचार आणि मूर्तिजापूर परिसर

प्रस्तावना

मूर्तिजापूर हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील जंक्शन, कापसाची बाजारपेठ आणि गाडगे महाराजांची कर्मभूमी अशी त्याची तिहेरी ओळख करून दिली जाते. या तीन ओळखींचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. लोहमार्गाने कापसाला बाजार मिळाला, बाजारामुळे शेतकऱ्याची पत वाढली, पत वाढल्यामुळे कर्ज सहज मिळू लागले आणि त्या कर्जाचा एक भाग लग्न, बारसे, तेरवी, नवस व जत्रा यांवर खर्च होऊ लागला. याच परिसरात लहानाचा मोठा झालेला एक परीट समाजातील माणूस पुढे गावोगाव हिंडून लोकांना विचारू लागला की, या खर्चाने तुमच्या पदरात सुख किती पडले आणि दुःख किती.

गाडगे महाराजांच्या कार्याचा विचार प्रामुख्याने स्वच्छता, अंधश्रद्धानिर्मूलन आणि शिक्षणप्रसार या अंगांनी झाला आहे. पैसा कशावर खर्च करावा व कशावर करू नये हा त्यांच्या कीर्तनातील अखंड विषय होता. तथापि त्याकडे केवळ काटकसरीचा उपदेश म्हणून पाहिले गेले. प्रस्तुत निबंधात या खर्चविचाराची ऐतिहासिक पार्श्वभूमी तपासली असून, तो काटकसरीच्या उपदेशाहून निराळा कसा ठरतो हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

साधनांविषयी एक बाब प्रारंभीच नोंदविणे आवश्यक आहे. महाराजांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. त्यांची कीर्तने वऱ्हाडी बोलीत, श्रोत्यांशी प्रश्नोत्तरे करीत, प्रसंगानुसार घडत जाणारी होती. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ मध्ये, म्हणजे महाराज हयात असताना लिहिलेले चरित्र, नंतरचे गो. नी. दांडेकर यांचे लेखन आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणी यांवरच अभ्यासकाला मुख्यतः विसंबावे लागते. श्रद्धेने लिहिलेल्या चरित्रातील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. परंतु कर्जाने होणाऱ्या खर्चाला विरोध आणि शिक्षणावरील खर्चाचा आग्रह या दोन गोष्टींबाबत सर्व साधने एकमुखी आहेत.

कापसाचा पैसा

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यानंतरच्या दोन दशकांत येथील शेतकऱ्याचे जग जितके बदलले तितके आधीच्या शतकात क्वचितच बदलले असेल. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापुरातून यवतमाळ व अचलपूर या दोन दिशांना अरुंद मापाचे फाटे निघाले. ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या तोंडी बसलेल्या या गाड्यांचे मूळ प्रयोजन प्रवासी नव्हते, कापूस होते. आज या मार्गांवरील वाहतूक बंद आहे.

युद्धकाळातील तेजीविषयी अनेक किस्से सांगितले जातात. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, हा त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. तो शब्दशः खरा मानण्याची गरज नाही; शेतकऱ्याच्या हाती पैसा आला की तो उधळतो, ही समजूत शहरी व सरकारी वर्तुळात किती लवकर रुजली याचे ते द्योतक आहे. युद्ध संपताच भाव कोसळले. चांदीच्या धावा कोणी पाहिल्या असोत वा नसोत, तेजीच्या भरवशावर काढलेली कर्जे मात्र मागे उरली.

याच काळात जमिनीची मोजणी होऊन रयतवारी पद्धतीने सारा ठरविण्यात आला आणि कास्तकाराच्या जमिनीवरील हक्काला निश्चित, विकता व गहाण टाकता येण्याजोगे रूप आले. पूर्वी सावकार पिकाकडे पाहून कर्ज देत असे. आता तो शेताकडे पाहून देऊ लागला. माल्कम डार्लिंग यांनी पंजाबच्या शेतकऱ्यावरील आपल्या १९२५ च्या ग्रंथात दाखविले की, जमिनीची किंमत व शेतकऱ्याची पत वाढते तसे कर्जही वाढते; कर्ज हे केवळ दारिद्र्याचे अपत्य नसून भरभराटीचेही असते. वऱ्हाडचा अनुभव याहून फार वेगळा नव्हता. ज्याच्याजवळ गहाण टाकण्यासारखे काही नाही, त्याला मुलीच्या लग्नासाठी मोठी रक्कम कोण देणार? ज्याच्याजवळ काळीची दहा एकर जमीन आहे, त्याच्या अंगणात मात्र सावकार आपणहून येऊन बसतो.

व्याजाचे गणित साधे होते, पण ते मांडणारा घरात कोणी नसे. दरमहा शेकडा दोन रुपये या दराने घेतलेले शंभर रुपये सरळ व्याजानेही चार वर्षे दोन महिन्यांत दुप्पट होतात. धान्याच्या कर्जावर सवाई किंवा दिढी आकारली जाई, म्हणजे एकाच हंगामात पाव किंवा अर्धा हिस्सा अधिक परत करावा लागे. त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले. लग्नाची पंगत एका दिवसात उठत असे. तिचे देणे मुलाच्या लग्नापर्यंत पुरत असे.

दापुरे येथील धडा

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील दारूच्या व्यसनात गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आल्या आणि डेबू आजोबा हंबीरराव व मामा चंद्रभानजी यांच्या आश्रयाने वाढला. गुरे राखणे, नांगर धरणे, पिकाची राखण करणे यांत त्याचे बालपण गेले. शाळेचा संबंध आला नाही.

मामाच्या शेताची हकीकत सर्व चरित्रकार सांगतात. तपशिलात फरक असला तरी गाभा एकच आहे. चंद्रभानजी कष्टाळू होते, व्यसनी नव्हते, उधळे तर नव्हतेच. सावकाराशी व्यवहार विश्वासावर चालत असे; दिलेल्या रकमेच्या पावत्या घेतल्या गेल्या नाहीत, कागदावर काय लिहिले आहे ते वाचता आले नाही. फेडत असल्याच्या समजुतीत असतानाच शेत हातचे गेले आणि त्या धक्क्याने मामा खचून निवर्तले. शेताचा ताबा घ्यायला आलेल्या सावकाराच्या माणसांना तरुण डेबूजीने अडविले, असेही चरित्रांत आहे.

या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. ज्या कीर्तनकाराने पुढे उधळपट्टीविरुद्ध आयुष्यभर बोलावे, त्याच्या स्वतःच्या घरात कर्ज उधळपट्टीतून आलेले नव्हते. वडिलांचे घर दारूने बुडाले हे खरे. पण मामाचे घर निरक्षरतेने आणि सावकारीने बुडाले. दोन्ही मार्ग त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांच्या कीर्तनात दारू आणि सावकार, नवस आणि निरक्षरता हे विषय एकमेकांत गुंफलेले आढळतात. ही गुंफण त्यांना कोणा ग्रंथाने शिकविलेली नव्हती.

बारशाची पंगत

१८९२ मध्ये डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिल्या मुलीच्या बारशाच्या वेळी रूढीप्रमाणे जातभाईंना मटण आणि दारूचे जेवण द्यावयाचे होते. डेबूजींनी त्याऐवजी गोडाचे जेवण घातले आणि जातभाईंची नाराजी पत्करली. चरित्रकारांनी हा प्रसंग अहिंसा व व्यसनमुक्ती यांचा आरंभ म्हणून रंगविला आहे आणि ते चुकीचे नाही. खर्चाच्या अंगाने पाहता मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. डेबूजींनी पंगत रद्द केली नाही. मुलगी झाल्याचा आनंद चार माणसांत साजरा झाला पाहिजे, हे त्यांना मान्य होते. त्यांनी नाकारली ती रूढीने ठरविलेली, घरधन्याच्या ऐपतीशी संबंध नसलेली आणि दारूमुळे भांडणात शेवट होणारी पंगत.

जातीची पंगत हा निव्वळ आनंदाचा भाग नव्हता. ती एक सक्ती होती. पंगत न देणाऱ्याला बोल लागत, त्याच्या मुलांची लग्ने अडत, प्रसंगी जातीबाहेर राहण्याची वेळ येई. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये अमेरिकेतील धनिकांच्या दिखाऊ खर्चाचे जे विवेचन केले, त्यात प्रतिष्ठा मिळविण्यासाठी केलेला खर्च केंद्रस्थानी आहे. वऱ्हाडातील गरिबाचा खर्च पुष्कळदा प्रतिष्ठा मिळविण्यासाठी नसून असलेली गमावू नये यासाठी होता. या दोहोंत मोठा फरक आहे. पहिल्यात निदान काही काळ मिरविण्याचे सुख असते; दुसऱ्यात केवळ निंदा टळल्याचा सुस्कारा असतो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि मातीचे गाडगे एवढ्याच सामग्रीनिशी ते पुढील पन्नास वर्षे फिरले. मागे राहिलेल्या आई, पत्नी व मुलांचा संसार कसा चालला याविषयी चरित्रे थोडक्यात आटोपतात. महाराजांच्या निर्धनतेची किंमत कुंताबाईंनी किती मोजली, याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

उधळपट्टीचा वाद

शेतकरी कर्जबाजारी का होतो या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक ठराविक उत्तर दिले जाई : तो लग्नकार्यांत पैसा उधळतो. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध उठाव झाले. त्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या दख्खन दंगल आयोगाने या उत्तराची छाननी केली. आयोगाचे मत लक्षणीय आहे. लग्नादी प्रसंगांवरील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग कुटुंबात क्वचित येतात. आणि काही वर्षांचा एकत्रित हिशेब केला तर त्या स्थितीतील माणसाने सामाजिक व कौटुंबिक आनंदावर जेवढा खर्च करणे रास्त ठरेल त्याहून तो बहुधा अधिक नसतो, असे त्या मताचे सार आहे. परकीय सत्तेच्या एका चौकशी समितीने रयतेचा आनंदावर खर्च करण्याचा हक्क मान्य करावा, ही गोष्ट आजही विचार करायला लावणारी आहे. या चौकशीतून १८७९ चा दख्खन कृषक कर्जनिवारण कायदा आला.

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये हाच आक्षेप अधिक तिखटपणे खोडून काढला. शेतकऱ्याचे लग्न म्हणजे काय असते याचे त्यांनी केलेले चित्रण वाचल्यावर उधळपट्टी हा शब्द उच्चारण्याचा संकोच वाटावा. कर्जाचे मूळ त्यांनी शेतसारा, भटशाही, सरकारी नोकरशाही व सावकारी यांच्या संगनमतात शोधले.

मग गाडगे महाराजांनी लग्नातील खर्चावर इतका भर का दिला? जे आयोगाने व फुल्यांनी नाकारले, तेच सरकारी उत्तर ते गरिबांना पुन्हा ऐकवीत होते काय? हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. आजही शेतकऱ्याच्या दुर्दशेचे खापर त्याच्या मोटारसायकलवर व मुलीच्या लग्नावर फोडणारे लोक सुशिक्षितांत भरपूर आहेत, आणि त्यांना महाराजांचे नाव सोयीचे वाटते.

या आक्षेपाचे उत्तर वक्ता आणि श्रोता यांच्या नात्यात आहे. आयोगापुढे प्रश्न होता तो कारणांचा : समग्र रयतेच्या कर्जाला जबाबदार कोण? फुल्यांपुढे प्रश्न होता तो न्यायाचा. महाराजांपुढे बसलेल्या माणसाला सारा कमी करणे, कापसाचा भाव ठरविणे किंवा सावकाराचा दर बदलणे यांतले काहीच शक्य नव्हते. त्याच्या हातात असलेली गोष्ट एकच : उद्याच्या बारशाला सावकाराच्या दारी जायचे की नाही. महाराज त्या एका गोष्टीविषयी बोलत होते. सावकाराला त्यांनी निर्दोष ठरविले नाही. मामाचे शेत ते विसरले नव्हते. मात्र श्रोत्याला सावकाराच्या दारातून परत फिरविणे हेच कीर्तनकाराला शक्य होते. मध्यप्रांत व वऱ्हाडात कर्जसमेटाचा कायदा १९३३ मध्ये झाला. तोपर्यंत महाराजांना घर सोडून अठ्ठावीस वर्षे झाली होती. शिवाय सरकारी अधिकारी जेव्हा काटकसर शिकवितो तेव्हा त्याचे पोट भरलेले असते. अंगावर चिंध्या घेऊन, गाव झाडून, मागून आणलेली भाकर खाऊन उभा राहिलेला माणूस तेच बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याचा अपमान होत नाही.

खर्चाची दिशा

काटकसरीच्या उपदेशात पैसा साठविणे हे साध्य असते. महाराजांच्या बोलण्यात साठवणुकीला जवळजवळ स्थान नाही. वाचलेला पैसा कशावर खर्च करायचा हे ते लगेच सांगत, आणि त्यात पहिला क्रमांक मुलांच्या शिक्षणाचा असे. जेवणाची भांडी विकावी लागली, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्यावे लागले, मोडक्या घरात राहावे लागले तरी मुलांना शाळेत घातल्यावाचून राहू नये, हे त्यांचे सांगणे महाराष्ट्रभर परिचित आहे. या यादीत नवऱ्याच्या धोतराचा उल्लेख नाही, लुगड्याचा आहे. काळाची ही मर्यादा नजरेआड करण्याचे कारण नाही. परंतु यादीचा रोख स्पष्ट आहे. दापुरे येथे एक अक्षर वाचता आले असते तर एक शेत वाचले असते, हा हिशेब तिच्या मागे उभा आहे.

त्यांचा ‘दशसूत्री’ म्हणून प्रसिद्ध असलेला संदेश या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरीब मुलांना शिक्षण, बेघराला आसरा, रोग्याला औषध, बेकाराला काम, मुक्या प्राण्यांना अभय, गरीब तरुण-तरुणींचे लग्न आणि निराशाग्रस्ताला हिंमत, असा त्याचा आशय. धर्मोपदेश म्हणून तो सर्वत्र फलकांवर लावला जातो. वस्तुतः ती बहुतांशी खर्चाच्या बाबींची यादी आहे; एखाद्या अंदाजपत्रकात शोभावी अशी. त्यात लग्नाचाही समावेश आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी. जो माणूस लग्नातील खर्चाचा कट्टर विरोधक म्हणून ओळखला जातो, तो गरिबांची लग्ने लावून देणे हे ईश्वरसेवेत धरतो. विरोध लग्नाच्या आनंदाला नव्हता. ज्याला तो परवडत नाही त्याला एकट्याने, कर्ज काढून, दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी तो साजरा करावा लागतो, याला होता. शेवटच्या सूत्राला तर पैसाच लागत नाही.

ऋणमोचन येथील काम हे या विचाराचे पहिले मोठे प्रात्यक्षिक म्हणता येईल. पूर्णा नदीकाठच्या या तीर्थाच्या नावातच कर्जमुक्तीची कल्पना आहे. पौष महिन्यातील यात्रेत स्नानासाठी येणाऱ्यांना नदीकाठच्या चिखलातून वाट काढावी लागे. देवाचे ऋण फिटावे म्हणून लोक येत आणि येताना पुष्कळदा माणसाचे ऋण करून येत. महाराजांनी तेथे यात्रेकरूंसाठी घाट बांधून घेतला (१९०८) आणि अंध-पंगूंना अन्नदान सुरू केले. नवसासाठी जाणारा पैसा दगडी पायऱ्यांकडे वळला. पायरीचा उपयोग नवस न बोलणाऱ्यालाही होतो.

मूर्तिजापूर येथे १९२५ च्या सुमारास गोरक्षण, धर्मशाळा व शाळा उभी राहिली. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा, नाशिक, देहू, आळंदी येथील धर्मशाळा, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी १९५४ मध्ये झालेली धर्मशाळा ही मालिका सर्वपरिचित आहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळेची वास्तू पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी सोपविण्यात आली. अस्पृश्य यात्रेकरूंच्या निवाऱ्यासाठी जमलेला पैसा अशा रीतीने शिक्षणाकडे गेला. देणगीदारांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या या इमारतींवर आपल्या नातलगांचा हक्क राहू नये याविषयी महाराज कमालीचे दक्ष होते. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी स्थापन झालेल्या गाडगे महाराज मिशनकडे या संस्थांचा कारभार आला.

धनिकांकडून लाखो रुपये घेणारा हा माणूस आणि गरिबाला चार आणे वाचवायला सांगणारा हा माणूस यांत विसंगती नाही. धनिकाला तो खर्च करायला लावीत होता, गरिबाला खर्चापासून सोडवीत होता. धर्मशाळेच्या ओट्यावर पथारी पसरणाऱ्या यात्रेकरूचा मुक्कामाचा खर्च वाचत होता आणि देणगी देणाऱ्याला आपला पैसा सत्कारणी लागल्याचे समाधान मिळत होते. दोघांच्याही वाट्याला सुख आले, आणि सावकाराच्या वहीत एकही ओळ वाढली नाही.

आनंद फुकटही असतो, हे या विचाराचे आणखी एक अंग. लोक जत्रेत, तमाशात, पंगतीत जे शोधत होते ते महाराजांच्या कीर्तनात त्यांना पैशावाचून मिळत होते : गर्दी, हशा, टाळ्यांचा गजर, रात्रीचे जागरण, एकत्र म्हटलेले भजन. दिवसा सर्वांनी मिळून गाव झाडायचे आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर बसून हसायचे, या क्रमाचे महत्त्व अभ्यासकांनी पुरेसे ओळखलेले नाही. नुसते ‘पंगत नको’ म्हणणारा उपदेशक गावाने एकदा ऐकला असता. महाराजांची पुन्हा वाट पाहिली जाई.

आधुनिक संशोधनाच्या संदर्भात

पैसा आणि सुख यांच्या संबंधावर गेल्या अर्धशतकात पुष्कळ संशोधन झाले आहे. रिचर्ड ईस्टर्लिन यांनी १९७४ मध्ये दाखविले की, एखाद्या देशाचे उत्पन्न दीर्घकाळ वाढत राहिले तरी लोकांनी सांगितलेले सुख त्या प्रमाणात वाढलेले दिसत नाही. या मांडणीवर अद्याप वाद चालू आहे. एलिझाबेथ डन, लारा अक्निन व मायकेल नॉर्टन यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही व्यक्तींना पाच किंवा वीस डॉलर देऊन ते त्याच दिवशी स्वतःवर अथवा दुसऱ्यावर खर्च करण्यास सांगितले. दुसऱ्यावर खर्च करणारे सायंकाळी अधिक आनंदी आढळले. रक्कम पाच होती की वीस, याने फरक पडला नाही. हे वाचून वऱ्हाडातील वाचकाला दशसूत्रीची आठवण झाली तर नवल नाही.

तरीही एका मूलभूत फरकाकडे दुर्लक्ष करता येत नाही. त्या प्रयोगातील पैसा हातात ठेवलेला होता. तो कोणाला परत करायचा नव्हता. वऱ्हाडातील शेतकऱ्याचा रुपया पुष्कळदा उसना असे. जातीची पंगत हाही दुसऱ्यावरच केलेला खर्च होता. निव्वळ ‘दुसऱ्यावर खर्च केल्याने सुख मिळते’ हे सूत्र लावले तर कर्ज काढून गावजेवण घालणारा माणूस सर्वांत सुखी ठरावा. तो तसा नव्हता. खर्च कोणावर केला याइतकाच तो कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या धाकाने केला, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि महाराजांच्या विचाराचे वेगळेपण नेमके येथे आहे.

दुसऱ्या बाजूने, गरिबाच्या सणखर्चाकडे तुच्छतेने पाहण्याविरुद्धचा इशाराही याच संशोधनातून मिळतो. अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी २००७ मध्ये मांडलेल्या आकडेवारीनुसार, राजस्थानातील उदयपूर परिसरातील अतिगरीब कुटुंबांपैकी जवळजवळ सर्वांनी वर्षभरात लग्न, अंत्यविधी वा सण यांवर काही खर्च केला होता आणि मध्यम स्थितीतील कुटुंबाच्या वार्षिक खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा सणांवर जात होता. विजयेंद्र राव यांनी कर्नाटकातील कुंभार कुटुंबांच्या अभ्यासातून दाखविले की, असा खर्च सामाजिक नाती टिकविण्याची गुंतवणूकही असतो. अडीअडचणीला तीच नाती उपयोगी पडतात. दख्खन दंगल आयोगाने सुमारे दीडशे वर्षांपूर्वी अंदाजाने म्हटले ते आता आकड्यांनी म्हटले जात आहे. महाराजांनी बारशाची पंगत रद्द न करता बदलली, यामागे हीच जाण असावी.

पश्चिम विदर्भात हा विषय केवळ अभ्यासाचा उरलेला नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर डिसेंबर २००५ मध्ये राज्य शासनाने १,०७५ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तीत सामूहिक विवाहांना साहाय्य ही एक बाब होती. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज घोषित केले. त्यांत अकोला व अमरावती हे दोन्ही जिल्हे होते. त्या काळात झालेल्या अभ्यासांत कर्जबाजारीपणा हे ठळक कारण आढळले, आणि घरातील मुलीच्या वा बहिणीच्या लग्नाची विवंचना हाही एक घटक नोंदला गेला. नापिकी, पडते भाव, वाढता उत्पादनखर्च आणि संस्थात्मक कर्जाचा अभाव यांच्या शेजारी तो नोंदला गेला, त्यांच्या जागी नव्हे. लग्नाच्या खर्चाचे नाव घेऊन उरलेली कारणे झाकणे आणि उरलेल्या कारणांचे नाव घेऊन लग्नाच्या खर्चाविषयी गप्प बसणे, या दोन्ही सवयी सार्वजनिक चर्चेत दिसतात.

सामूहिक विवाह सोहळे आता वऱ्हाडात नवीन राहिलेले नाहीत. मांडव एक, वाजंत्री एक, जेवण सर्वांचे. मात्र असे लग्न लावल्यावर घरी पुन्हा वेगळे स्वागत-भोजन देण्याची प्रथा काही ठिकाणी रूढ होत आहे, आणि ज्याच्या मुलीचे लग्न सामूहिक मांडवात झाले त्याची ऐपत नव्हती असा बोलही ऐकू येतो. मूर्तिजापुरातील महाविद्यालयाला महाराजांचे नाव आहे, अमरावती विद्यापीठालाही ते २००५ पासून आहे. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे महाराजांचे अखेरचे कीर्तन झाले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या परिसरात, त्यांनी देह ठेवला. त्यांनी उभारलेल्या धर्मशाळांत आजही रुग्णांचे नातेवाईक व यात्रेकरू उतरतात. तेथे राहणाऱ्यांत शेतकरी कुटुंबांची संख्या किती, घरच्या कर्जाचे कारण ते काय सांगतात, आणि मुक्कामाचा वाचलेला पैसा ते कशावर खर्च करतात, याची पाहणी मूर्तिजापूर परिसरातील एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास व अर्थशास्त्र विभागांना एकत्रितपणे हाती घेता येईल.